बाटलीतला जांभळा रंग

रसायनशास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेत निओडिमियम या धातूचं ऑक्साइड हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवलं, पाणी हळूहळू आटवलं, आणि खिडकीतल्या उन्हात असे काही गुलाबी-जांभळे स्फटिक चमकले, की त्या हरखूनच गेल्या. बैठकीची भिंत याच रंगाची हवी! ते चिमूटभर स्फटिक, म्हणजे निओडिमियम क्लोराइड, बाटलीत भरून त्यांनी ती नवऱ्याच्या हाती दिली.

"रंगवाल्याकडून हुबेहूब हाच रंग आणा. आणि बूच उघडू नका, हवेतलं पाणी पिऊन चिकट लगदा होईल त्याचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या, तर भिंत फिकट हिरवी!

"अहो, डोळे काय दुकानात गहाण ठेवले होते?" बाई कडाडल्या.

नवऱ्याने शांतपणे पडदे ओढले, ट्यूबलाइट लावली आणि बाटली भिंतीला टेकवली. आतले स्फटिकही हिरवट! रंगवाल्याचं दुकान तळघरात, तिथे दिवसाही ट्यूबच.

बाईंनी कपाळावर हात मारला. ट्यूबखाली हे क्लोराइड रंग बदलतं, हे पोरांना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या त्याच! मग त्यांना हसू आवरेना.

"बरं, उन्हात माझं खरं, ट्यूबखाली तुमचं."

"चालेल की," नवरा म्हणाला. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच निम्मा वेळ माझं खरं ठरतंय."