एक ते अठरा

"ताई, ही एक जागा रिकामी कशी?" बस सुटल्या सुटल्या ड्रायव्हरने आरशात बघत विचारलं आणि ताई गर्रकन मागे वळल्या.

सकाळी बस गच्च भरली होती. अठरा मुली, शाळेच्या पीटीच्या बाई आणि स्वतः ताई, वीस जागांना वीस माणसं. आता तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, एक सीट रिकामी होती.

"थांबवा बस!" ताई ओरडल्या. "मुलींनो, आकडे!"

मुलींच्या या गाइड पथकात हजेरी नावाने होत नसे. प्रत्येकीला एक नंबर, तो ओळीने ओरडायचा. सहल संपवून तळ्याकाठून पायी बसकडे निघतानाही ओरडून झाला होता, एक ते अठरा, मधे कुठे खंड नाही. ताई तेव्हा एका चिमुरडीच्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या होत्या. डोळ्यांचं काम त्यांनी कानांवर सोपवलं होतं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने कानांवर विश्वासही टाकला होता. आता 'दहा' झालं आणि पुढे कोणी बोलेचना.

मग बारा नंबरने भोकाड पसरलं. "तेव्हा मीच अकरा म्हटलं, ताई! ती पाण्याची बाटली विसरली होती, आणायला पळाली. मला वाटलं, येईलच मागून. उशीर झाला म्हणून आमच्या टोळीचे गुण गेले असते ना!"

आपल्या टोळीतल्या मुलीला सांभाळून घ्यायचं, असं दर रविवारी घसा कोरडा करून सांगत होत्या त्या ताईच. बारा नंबरने सांभाळून घेतलं होतं. रागवायचं तरी कोणाला?

आणि हरवायची तर नेमकी अकराच का हरवावी! तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पोरीला दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेतही हात धरून नेणारे गृहस्थ. पथकात घालण्याआधी तीन रविवार मैदानाच्या कडेला उभे राहून सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "ताई, तुमच्या शब्दावर पाठवतो. पण एकदा जरी काही झालं, तर पुन्हा नाही." पोरगी तेव्हा आपला नंबरसुद्धा कॉलरमध्ये तोंड खुपसून सांगायची. आठ महिन्यांत तीच पोरगी असा काही 'अकरा' ठोकायला लागली होती की मैदानावरचे कावळे उडायचे.

"तुम्ही मुलींजवळ थांबा," असं पीटीच्या बाईंना सांगून ताई उतरल्या. फोनला रेंज नव्हती. तळ्याची वाट अर्ध्या तासाची, ताईंचं वय बावन्न, आणि गुडघे त्याहून म्हातारे. तरी त्या पळत सुटल्या. दर वळणावर शिटी फुंकायची, थांबायचं, ऐकायचं. काही नाही. तळ्याकाठी पाणी आहे, खडक निसरडे आहेत, हा विचार मनात यायला लागला की त्या आणखी जोरात शिटी फुंकत.

वाट जिथे फुटते तिथे, चुकीच्या फाट्यावर शंभर पावलं आत, एका दगडावर अकरा बसली होती. समोर वाटेवर तिने खड्यांचा बाण मांडला होता. त्याचं टोक तिच्याकडेच.

"हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही," ती म्हणाली. "वाट चुकली कळलं की तिथेच बसायचं. मी तीनदा रडले. पण बसूनच रडले."

ताईंच्या जिवात जीव आला. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. परतताना मात्र अकराची पावलं मंदावली. बस दिसायला लागली तशी म्हणाली, "ताई, बाबांना नका ना सांगू. ते मला परत पाठवायचे नाहीत."

पीटीच्या बाईंनी आपल्या परीने सोय करून ठेवली होती. "सापडली ना सुखरूप? मग कशाला उगाच गाजावाजा! मुलींना मी दम दिलाय, कोणी चकार शब्द काढणार नाही."

वेळ मारून नेणं अगदीच सोपं होतं, आणि पोरीच्या भल्याचंही दिसत होतं. तेरा वर्षांच्या असताना शिबिरात त्यांच्या हातून अख्ख्या तळाच्या जेवणाचं पातेलं कलंडलं होतं. बघायला कोणी नव्हतं, मांजराचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. घरी पाहुण्यांपुढे ब्र न काढणारी ती मुलगी साठ जणींसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या हातून सांडलं." तिचं आयुष्यातलं मोठ्याने बोललेलं पहिलं वाक्य ते. आज पोस्टातल्या नोकरीत पार्सलच्या खिडकीत बसून ताई चढ्या आवाजाच्या गिऱ्हाइकाला शांतपणे "रांगेत या" म्हणू शकत, ते त्या वाक्याच्या जोरावर. तेच खरं बोलणं आता या पोरीच्या मुळावर येणार होतं. ताईंना पथकाचा, नियमांचा, स्वतःचाही मनापासून राग आला.

शाळेच्या फाटकापाशी घड्याळजी पाच मिनिटं आधीच येऊन उभे होते. मुलगी उतरताच त्यांनी तिचा उजवा हात धरला.

"तुमची मुलगी पाऊण तास हरवली होती," ताई म्हणाल्या. "चूक माझी. मी डोळ्यांनी मोजलं नाही."

घड्याळजींनी तिचा हात घट्ट आवळला. "पाऊण तास?"

"पाऊण तास. पण ती घाबरून सैरावैरा पळाली नाही. होती तिथेच बसून राहिली, म्हणून सापडली."

"बाबा, मी बाणसुद्धा केला होता," अकरा म्हणाली.

त्यांनी मुलीला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. मग ताईंना म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत. सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं. पण मला झेपायचं नाही हो, ताई. पुढच्या रविवारपासून ती येणार नाही."

ताईंनी मान हलवली. मागे बसच्या खिडक्यांना सतरा तोंडं चिकटली होती.

दोघं निघाले. चार पावलांवर अकरा थांबली, वळली. पथकात निरोप घेताना डावा हात मिळवतात. उजवा बाबांच्या मुठीत होता, डावा मोकळा होता. तो तिने ताठ पुढे केला.

ताई पुढे गेल्या आणि त्यांनी तो आपल्या डाव्या हातात घेतला. घड्याळजी तेवढा वेळ थांबले.