डोन एवारिस्तोच्या कुरणातला मुक्काम

सकाळचे नऊ वाजले नव्हते, तोवर एवारिस्तोच्या कुरणाच्या फाटकाशी अख्खं ला मोरिता गाव लोटलं होतं. कुणी घरच्या खुर्च्या आणल्या होत्या, कुणी फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया आणि चीज. कुंपणावर गिधाडंसुद्धा ओळीनं बसली होती. त्यांनाही आता या खेळाची चटक लागली होती.

"आली," कुणीतरी म्हणालं.

धुळीचा लोट उठवत भाड्याची पांढरी गाडी आली. काचेला रबरी वाटीनं चिकटवलेलं तळहाताएवढं यंत्र, आणि त्यातून थंड, गोड आवाजातली बाई म्हणाली, "आपण मुक्कामी पोहोचला आहात." गाडी थांबली. आतल्या परदेशी जोडप्यानं गाईंकडे पाहिलं. गाईंनी जोडप्याकडे पाहिलं. गर्दीनं छातीवर क्रूस काढला.

"या आठवड्यातली अकरावी," डोन एवारिस्तो म्हणाला.

हा डोन एवारिस्तो, म्हणजे आपल्याकडचे एवारिस्तोराव, आधी लॉटरीची तिकिटं विकायचा, मग केस उगवायचं तेल. आता पांढराशुभ्र सदरा घालून तो पत्र्याच्या छपराखाली सान क्रिस्तोबालच्या मूर्तीशेजारी उभा होता. सान क्रिस्तोबाल म्हणजे वाटसरूंचा आणि गाडीवानांचा संत.

"मी कुणाला हात केला? शीळ घातली? नाही. हे यंत्र ऐकतं कुणाचं? आकाशातल्या उपग्रहाचं. आणि आकाशात आणखी कोण राहतं?"

"सान क्रिस्तोबाल," गर्दी म्हणाली.

"म्हणजे उपग्रहाचा शेजारी कोण?"

"सान क्रिस्तोबाल."

"मग शेजाऱ्याचा शब्द शेजारी मोडेल का?" असं विचारून त्यानं हात वर केले आणि सूर लावला:

"चाक कुणाचं, वाट कुणाची, कोण खेची लगाम?
संतच आणी माझ्या दारी, इथेच त्याचा मुक्काम."

मग विकायच्या बाटल्या निघाल्या. मूर्तीच्या पायाला लावून भरलेलं पाणी, जे खरं तर गुरांच्या हौदाच्या नळाचं होतं. जो संत वाट दाखवतो तो दृष्टीही देतो, असं एवारिस्तोचं म्हणणं.

गर्दीच्या मागे शाळेतली बाई योर्लेनी उभी होती आणि तिचा हात धरून तिचे वडील, डोन क्रिसान्तो. अडतीस वर्षं त्यांनी दुधाचा ट्रक चालवला. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्या खांबासारखा दिसे. दोन वर्षं रांगेत थांबल्यावर शहरातल्या इस्पितळाचं पत्र आलं होतं: गुरुवार, सकाळी सात. आज शनिवार. तारीख चुकली की पुन्हा रांगेचं शेपूट.

"मी नाही यायचा," क्रिसान्तो म्हणाले. "अकरा गाड्या, पोरी. मुक्या यंत्राला जो वाट दाखवतो, तो मला नाही दाखवणार?"

"ते मुकं कुठं आहे बाबा, सारखं बडबडतं. खरं सांगा, सुरीची भीती वाटते ना?"

तिच्या हातातला म्हाताऱ्याचा हात घट्ट झाला.

योर्लेनी गाडीपाशी गेली आणि त्या जोडप्याला विचारलं, कुठं निघाला होता?

"धबधब्याजवळच्या लॉजला," गाडीतली बाई म्हणाली. "यंत्राला लॉज सापडेना. मग आम्ही नुसतं गावाचं नाव घातलं."

लॉज तिथून नऊ किलोमीटरवर, गावच्या हद्दीच्या पार उत्तर टोकाला. योर्लेनीनं त्यांना वाट सांगितली, पण तो "नुसतं" शब्द तिच्या मनात कुसळासारखा अडकून राहिला.

ला मोरितात रस्त्यांना नावं नाहीत, घरांना आकडे नाहीत. कोस्टा रिकात असं गावोगावी चालतं. योर्लेनीच्या घराचा पत्ता: जुन्या चिंचेपासून तीनशे मीटर दक्षिणेला, पिवळा कुत्रा झोपतो त्याच्यासमोर. चिंच बावीस वर्षांपूर्वी वादळात पडली. कुत्रा त्याच्याही आधी गेला. तरी पत्रं बिनचूक येतात, कारण पोस्टमनच्या डोक्यात चिंच अजून उभी आहे. यंत्राच्या डोक्यात ती कुठून असणार?

रविवारी ती मावसभावाकडे गेली. विल्बेर्थ लाल टॅक्सी चालवायचा आणि त्याच्याकडे तसंच यंत्र होतं. ते तिनं उसनं मागितलं.

"उद्या परत आण हां," तो म्हणाला. "नाहीतर मी घरी कसा जाणार?"

"अरे, तू इथंच जन्मलास ना?"

"म्हणून काय झालं?"

तिनं वडिलांना आपल्या गाडीत बसवलं आणि चर्च शोधलं. यंत्राला सापडेना, मग नुसतं गावाचं नाव. एवारिस्तोचं फाटक. शाळा शोधली. सापडेना. एवारिस्तोचं फाटक. दफनभूमी शोधली. पुन्हा तेच फाटक आणि त्याच गाई.

"दफनभूमीपण इथंच का?" क्रिसान्तो म्हणाले. "म्हणजे पाण्याचा गुण नाही आला तरी फार लांब न्यायला नको मला."

दुपारी स्वयंपाकघरात तिनं शाळेतला हद्दीचा नकाशा पुठ्ठ्यावर उतरवला, काठाकाठानं कापला आणि वडिलांच्या हातात दिला. त्यांची बोटं पुठ्ठ्याच्या कडेनं फिरू लागली, ट्रक फिरायचा तशी, वळणावर जरा हळू.

"ही नदी," ते म्हणाले. "हा उतार. इथं माझं ब्रेकचं तेल गळलं होतं."

"आता हा एका बोटावर तोला."

पुठ्ठा पडला. पुन्हा पडला. म्हाताऱ्यानं बोट केसभर सरकवलं आणि पुठ्ठा थांबला, पाण्यावर पान थांबावं तसा. योर्लेनीनं बरोब्बर त्या जागी खिळा टोचला.

"इथं काय आहे, बाबा?"

त्यांनी भोकापासून नदीपर्यंत अंगठ्यानं मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. "एवारिस्तोचं कुरण," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला.

"यंत्राचा नकाशा करणाऱ्यांना आपली चिंच माहीत नाही. त्यांनी अख्ख्या हद्दीसाठी मधोमध, पुठ्ठा तोलला जातो तिथंच, एक ठिपका दिला. ज्याला नेमका पत्ता सापडत नाही, त्याला यंत्र ठिपक्यावर नेऊन सोडतं."

"योगायोग असेल. संत काही कमी हुशार नसतात."

"बरं." तिनं शेजारच्या पोसो आसूल गावाची हद्द कापली. "ही तोला. आणि उद्या यंत्र कुठं नेईल ते आजच सांगा."

या वेळी पुठ्ठा लवकर स्थिरावला. क्रिसान्तोंनी चाचपलं आणि ते गालातल्या गालात हसू लागले. "फिलोमेनाचा डुकरखाना. अर्ध्या कोसावरून वास यायचा, त्यावरून मी ट्रक वळवायचो."

"तिथं नेलं तर?"

"तर गुरुवारी गाडी काढ. नाही नेलं, तर इस्पितळाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

योर्लेनीनं मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "कबूल." रात्री तिला झोप लागली नाही. पुठ्ठा ओबडधोबड कापला होता, आणि त्यावर वडिलांचे दोन डोळे तोलले होते.

सोमवारी एवारिस्तोच्या फाटकाशी क्रिसान्तोंनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, पोसो आसूल घातलं की यंत्र फिलोमेनाच्या डुकरखान्यात नेईल. एवारिस्तो हसला. "बाई, संताची परीक्षा घेता?"

"संताची नाही, यंत्राची. या ना, पुढं बसा तुम्ही."

नाही म्हणायची सोय नव्हती. तो बसला. त्याच्याच बोटानं तिनं पोसो आसूल हे नाव घालायला लावलं. मागून दोन पिकअप, सात मोटारसायकली आणि एक घोडा निघाला. यंत्रातली बाई शांतपणे सांगत होती, उजवीकडे वळा, डावीकडे वळा. क्रिसान्तो मागच्या सीटवर डोळे मिटून नाक काचेबाहेर काढून बसले होते. एका वळणावर त्यांनी नाक आत घेतलं आणि खिसा चाचपला, इस्पितळाचं पत्र जागेवर आहे का ते पाहायला.

"आपण मुक्कामी पोहोचला आहात," यंत्र म्हणालं.

चिखलातून एक मोठी डुकरीण उठली आणि तिनं एवारिस्तोच्या पांढऱ्या सदऱ्याकडे आस्थेनं पाहिलं. डोन्या फिलोमेना बादली घेऊन बाहेर आली. "एवढी माणसं? लग्न आहे का कुणाचं? चुकलेली एखादी गाडी येते अधूनमधून. यंदाच्या सात झाल्या. पाणी पाजते आणि वाट सांगते."

"बाटलीमागे किती घेता?" विल्बेर्थनं विचारलं.

"पाण्याचे पैसे?" फिलोमेना म्हणाली. "डोकं फिरलंय का तुझं?"

पहिल्यांदा घोडेस्वार हसला, मग सगळे. एवारिस्तोनं घसा खाकरला. "सान क्रिस्तोबालची लीला इथंही..."

"मग मूर्ती इकडेच हलवा की," मागून एक बाई म्हणाली. "डुकरीण सोबत करेल."

योर्लेनीनं गाडीच्या बॉनेटपाशी दोन्ही पुठ्ठे बोटांवर तोलून दाखवले. बघता बघता जो तो पुठ्ठा तोलून पाहू लागला. एवारिस्तोनंही पाहिला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याचा सगळ्यांत छान तोलला गेला. क्रिसान्तोंनी टोपी काढली आणि तिकडे नाच थांबवून कवन म्हणण्याआधी देतात तशी आरोळी दिली, "बोंबा." सगळे गप्प झाले.

"चाक कुणाचं, वाट कुणाची, कोण खेची लगाम?
पत्ता ज्याला ठाऊक नाही, मध्यावर त्याचा मुक्काम."

गुरुवारी पहाटे गाडीचा पट्टा म्हाताऱ्यानं स्वतः लावला. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर घरी येताना त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. चिंचेच्या मोकळ्या जागेकडे त्यांनी पाहिलं. "चिंच खरंच नाही की गं. धुक्यात मला ती उभीच दिसायची," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "आणि तुझे केस केव्हा पिकले?"

एवारिस्तोच्या फाटकावर आता पाटी आहे: लॉजला सरळ नऊ किलोमीटर. खाली तो शहाळी विकतो आणि चुकलेल्यांना वाट सांगतो. सान क्रिस्तोबाल मागे उभा असतो. त्याचं काय चुकलं होतं?

चुकतो आपण, 'ठाऊक नाही' हे दोन शब्द जड जातात तेव्हा. यंत्राला ते म्हणता येत नाहीत, म्हणून ते मधल्या ठिपक्यावर नेऊन सोडतं. आपल्याला म्हणता येतात. ठाऊक नसेल तर तसं म्हणा, मग विचारा, मोजा, स्वतः तोलून पाहा. एक पुठ्ठा आणि एक बोट, पुष्कळदा एवढं पुरतं.