दौलतच्या पुंगळ्या

मला मशीनचा राग नव्हता, विजयकुमारचा होता. हा आमच्या शारजातल्या शूटिंग क्लबचा मॅनेजर, पालघाटचा. माणूस भला, पण चहासुद्धा उभ्या-उभ्या ढोसणारा. दसऱ्याच्या सकाळी त्यानं एक खोकं माझ्या टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "राजाभाऊ, हाथ से घुमाना खलास. अब मोटर घुमेगी. यल्ला, चलो, आजही लगा दो."

आजही लगा दो म्हणे! घरचा मिक्सर आहे काय?

रायफलची गोळी उडाली की पितळेची पुंगळी मागं उरते. ती पुन्हा भरून वापरता येते, पण दर वेळी बार उडाला की पितळ ताणतं आणि पुंगळी मानेपाशी थोडी लांबते. लांबलेली तशीच भरली तर आत दाब वाढतो आणि नेमबाजाचा जीव धोक्यात येतो. म्हणून तिचं तोंड कापून मापात आणायचं. हे काम क्लबात इतकी वर्षं हातानं दांडा फिरवून व्हायचं आणि ते दौलत करायचा.

दौलत माझा मित्र, शेजारी आणि दुश्मनही. भुसावळजवळच्या काडतुसांच्या फॅक्टरीत तो लेथवर, मी इन्स्पेक्शनला. मी दिवसभर त्याचा माल नापास करायचो, तो मला शिव्या घालायचा आणि संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसून शेवभाजी हाणायचा. शारजाला आधी तो आला, मग मला ओढून आणलं. गेल्या उन्हाळ्यात दुपारचं जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. शहाणा! एका शब्दानं सांगितलं नाही मला.

मागं ठेवल्या त्या पन्नासेक पुंगळ्या. लेकीसाठी, समिधासाठी, एकेक हातानं तयार केलेल्या. समिधा दुबईत सिलिकॉन ओएसिसला नोकरी करते आणि आमच्या क्लबकडून नेमबाजी करते. मॅचला तिला बाबांच्याच पुंगळ्या लागतात. त्या घरी न्यायची परवानगी नाही, क्लबच्या कपाटातच राहतात. शनिवारी मॅच होती आणि पुंगळ्या लांबल्या होत्या. हातानं कापायला माझ्या मनगटात आता राम उरलेला नाही. म्हणजे मशीन लावणं आलं. त्यात चूक झाली तर दौलत काही वरून नवीन पाठवणार नव्हता.

दुपारी समिधा हाफ डे टाकून आली. हातात रोल्याच्या बाजारातून आणलेला झेंडू, पेढे आणि हळदीकुंकवाची डबी.

"हे काय गं?"

"काका, बाबा नवीन मशीन पूजेशिवाय चालवायचे का?"

"तो? तो ड्रिलच्या बिटालासुद्धा कुंकू लावायचा."

"मग? आज तर मुहूर्तच आहे."

मी मोटरवर स्वस्तिक काढलं, हार घातला. समिधानं कुंकवात भिजवलेल्या अक्षता अशा काही उधळल्या की मी ओरडलो, "अगं, लग्न लावतेस का मशीनचं?" ती हसली. दौलत गेल्यानंतर तिला अशी हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि बरं वाटलं मला. मग फडक्यानं सगळं पुसून घेतलं. म्हणजे मला वाटलं, सगळं.

मग कामाला लागलो. मशीन टेबलाला बोल्टनं आवळलं. तोंडाशी पुंगळी धरणारा बुश बसवला. पुंगळी त्यात खुपसायची, तिचा मानेखालचा खांदा आत टेकला की थांबते आणि आतला कटर तिचं तोंड छाटतो. खांदा टेकतो ती जागा आणि कटर यांतलं अंतर जमलं की सगळं जमलं. एक भंगारातली पुंगळी घेतली. कापली, व्हर्निअरनं मोजली, कटर जरासा पुढं घेतला. परत कापली, परत मोजली. दोन-तीनदा असं करत बरोब्बर मापावर आणून अ‍ॅलन कीनं कटर आवळून टाकला. दौलतची पहिली पुंगळी कापली. माप पक्कं. दुसरीही पक्की. कडासुद्धा आतून-बाहेरून गुळगुळीत. "वा रे पठ्ठ्या!" मी मशीनला म्हणालो.

आणि नेमकं तेव्हाच समिधानं विचारलं, "काका, तुमच्या फॅक्टरीत कसा असायचा दसरा?"

झालं! माझी गाडी सुटली. पुंगळी खुपसतोय, काढतोय आणि बोलतोय. एरवी फॅक्टरीच्या गेटातून घरच्यांना पाऊल टाकता यायचं नाही, पण दसऱ्याला गेट उघडायचं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून यायच्या, पोरं बापाचं मशीन शोधत पळायची. सगळी मशीनं बंद, धुतलेली, हार घातलेली. एरवी कानठळ्या बसवणाऱ्या त्या शेडमध्ये कुजबुज ऐकू यायची. तेलाचा वास आणि झेंडूचा वास एकात एक मिसळलेला.

"मी होते तिथं?"

"होतीस म्हणजे! चार वर्षांची. दौलतच्या खांद्यावर. त्यानं लेथपाशी नेऊन तुझा हात पितळेच्या ढिगात घातला आणि सगळ्यांना सांगत सुटला, ही माझ्या हाताखाली लागणार म्हणून."

"मला काहीच आठवत नाही काका. मग?"

"मग काय, मी म्हटलं, पोरगी तरी पास होऊ दे रे! तर हा मला मारायला धावला, तुला खांद्यावर घेऊनच."

"मग?"

तिचं 'मग' संपेना आणि माझं तोंड थांबेना. खरं सांगतो, त्या शेडमध्ये परत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. दौलतचा घामेजलेला सदरासुद्धा दिसत होता. मोटरचा आवाज जड झाला होता, तो मात्र मला ऐकू आला नाही.

"काका, थांबा. कीस जास्त पडतोय."

मी स्विच बंद केला. हातातली पुंगळी मोजली. आखूड. आधीची मोजली. तीही आखूड, मिलिमीटरहून जास्त. त्याआधीच्या सगळ्या तशाच. खालच्या ट्रेमध्ये पितळेच्या किसात एक लाल तांदूळ पडला होता, चेपलेला. बुशाच्या आत चिकटून बसला होता मेला. मी माप लावलं ते त्याच्यासकट. तो गळून पडला, पुंगळ्या खोल जायला लागल्या आणि कटर छाटत सुटला.

मी स्वतःला नको नको त्या शिव्या दिल्या. उभी हयात दुसऱ्यांचा माल मोजला आणि दौलतच्या पुंगळ्या न मोजता कापल्या! इतकी आखूड पुंगळी गोळी नीट धरत नाही, म्हणजे आठेक कामातून गेल्या होत्या.

"सॉरी बाळ," मी म्हणालो.

"अक्षता मी टाकल्या ना? डोंट से सॉरी." ती एकेक आखूड पुंगळी हातात घेऊन बघत होती. मग तिनं टेबलावरची पक्कड उचलली.

"अगं, ठेव गं. दोन तरी ठेव, आठवण म्हणून. कपाटात ठेवू वेगळ्या."

"आणि चुकून चांगल्यांत मिसळल्या तर? बाबांनी ठेवल्या असत्या?"

नसत्या ठेवल्या. तिनं पुंगळीचं तोंड पक्कडीत धरलं आणि दाबलं. पितळ चपटं झालं. मग दुसरी, मग तिसरी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एकही सोडली नाही तिनं. नापास मालाची खूण करायला माझा हात उभ्या आयुष्यात कधी अडला नव्हता. त्या दिवशी मला ते बघवेना.

मग मी बुश उघडून धुतला, नव्यानं माप लावलं. उरलेल्या पुंगळ्या कापल्या. मी कापायची, समिधानं व्हर्निअर लावायचा, मान हलवायची, मग पुढची. सगळ्या मापात उतरल्या.

शेवटची डब्यात ठेवून तिनं मोटरचा प्लग काढला. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, पेढ्याचा पुडा उघडून पुढं केला.

"हं काका. आता सांगा. बाबा तुम्हाला मारायला धावले, मग?"

एवढा बोलघेवडा मी, तोंडातला पेढा तसाच राहिला. हुंदकाच फुटला.