डावीकडचा ब्रेक

"काका, गेममध्ये बाईक शिकलेली पोरगी तुमच्या बॅचमध्ये चालते का?"

जिज्ञासाने हा प्रश्न ओरडून विचारला, कारण शेजारच्या ग्रिलच्या दुकानात कटर किंचाळत होता. आणि नेमका त्याच क्षणी कटर बंद पडला. त्यामुळे प्रश्न उल्हासनगर कॅम्प चारच्या त्या अख्ख्या गल्लीला ऐकू गेला. चहावाल्याने हातात किटली धरूनच वळून बघितलं. रस्त्यापलीकडे किर्ती आणि सोनू एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत सुटल्या.

उचकवलं होतं त्यांनीच. शाळा सुटल्यावर तिघी धर्मेशभाईच्या गेमिंग झोनमध्ये गेल्या होत्या. तिथे बाईक रेसच्या गेममध्ये जिज्ञासाने नेहमीसारखी सगळ्या पोरांना धूळ चारली आणि बाहेर पडताना बोलून गेली, "मला खरी बाईक द्या, खरी पण अश्शीच पळवते."

"एवढं वाटतं ना? मग जा, त्या कल्पेशला विचार," किर्तीने लगेच पकडलं. "आत्ता. आमच्यासमोर. आहे हिंमत?"

कल्पेशचं त्या गल्लीत गॅरेज होतं. एकेकाळी तो चिखलातल्या बाईक रेसमध्ये उतरायचा. आता दर रविवारी बदलापूरला, खरवईच्या मागच्या एका कुंपण घातलेल्या मैदानावर शाळेच्या वयाच्या पोरांना बाईक शिकवायचा. मागच्या वर्षीची जिज्ञासा असती तर त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेली असती. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. पण रोज कुणाला तरी हरवायची सवय लागली की आवाज आपोआप मोठा होतो. दहावीच्या वर्गात आता तिला गप्प करायला बाईंना छडीने टेबल वाजवावं लागायचं.

कल्पेशने फडक्याला हात पुसले. हसला मात्र नाही.

"पहिली गोष्ट, काका नाही. दादा म्हण. दुसरी, रविवारी सकाळी मैदानावर ये, आई नाहीतर वडील सोबत पाहिजेत. तिसरी, बूट घाल. चप्पल दिसली तर गेटवरूनच परत."

"म्हणजे चालते?"

"ते मैदान सांगेल. आणि अजून एक. अठराच्या आधी रस्त्यावर बाईक नेलीस असं कानावर आलं, तर त्या दिवसापासून मी तुला ओळखत नाही."

जिज्ञासा रस्ता ओलांडून आली तेव्हा हसायची पाळी तिची होती.

"काय बोलला?" सोनूने विचारलं.

"बूट आण म्हणाला. सोनू, तुझे स्पोर्ट्सचे बूट माझ्या मापाचे आहेत ना?"

घरी, पालेगावात, प्रकरण इतकं सोपं नव्हतं. तिचे पप्पा, कैलास, आजूबाजूला उभ्या राहणाऱ्या टॉवरांना टँकरने पाणी पुरवायचे. स्वतः बाईकशिवाय कोपऱ्यावरही जायचे नाहीत, पण गेम म्हटलं की त्यांचं कपाळ आठ्यांनी भरायचं.

"टीव्हीत पोहायला शिकून विहिरीत उडी मारतं का गो कोण?" ते म्हणाले.

"पप्पा, वळण कसं घ्यायचं ते गेममध्ये शिकता येतं. आधी ब्रेक, मग वळण, मग गॅस. नजर जिथे जायचंय तिथे. तुम्ही खड्ड्याकडे बघत चालवता, म्हणून खड्ड्यात जाता."

आईला ठसकाच लागला. "बरोबर बोलते पोरगी," ती हसू आवरत म्हणाली. "मी जाते हिच्यासोबत. माझ्या स्कूटीवर. जाऊन तर बघू."

पप्पांनी हात झटकले. "जा. पण दहावी झाली की तुला बिनलायसन्सची बॅटरीवाली स्कूटर घेतो म्हटलंय ना, तेवढ्यावर समाधान मान."

ती स्कूटर जिज्ञासाने वर्षभर घरच्यांचं डोकं खाऊन कबूल करून घेतली होती. निळी. आईच्या फोनच्या स्क्रीनवरही तिने तिचाच फोटो लावून ठेवला होता.

रविवारी मैदानावर कल्पेशने तिला हेल्मेट घातलं, कोपरा-गुडघ्यांना पॅड बांधले आणि एका बारक्या, चिखल लागलेल्या बाईकवर बसवलं. "उजवीकडे गॅस, उजवीकडेच पुढचा ब्रेक. उजव्या पायाशी मागचा. डाव्या हाताला काय?"

"क्लच," जिज्ञासा ताडकन म्हणाली. हे तर तिला पाठ होतं.

क्लच सोडताना गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती निघालीच. वळण आलं तसा तिने गॅस सोडला, गाडी संथ केली, मान वळवून वळणापलीकडच्या पांढऱ्या दगडाकडे बघितलं आणि गाडी तिच्या नजरेमागून गेली. पुढचं वळण. त्याच्या पुढचं. हेल्मेटच्या आत ती एकटीच ओरडत होती. खरी बाईक थरथरत होती, पेट्रोलचा वास येत होता, खडे टाचांवर उडत होते, आणि तरीही रस्ता ओळखीचा वाटत होता!

"नजर कुठे शिकली ही, ताई?" कल्पेश कुंपणाशी उभ्या असलेल्या आईला म्हणाला. "माझी पोरं महिनाभर पुढच्या चाकाकडेच बघत असतात."

मग त्याने शिट्टी मारली. शिट्टी म्हणजे थांबायचं.

जिज्ञासाने ब्रेक दाबला. पूर्ण ताकदीने दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटली, इंजिन किंचाळायला लागलं आणि समोरची टायरांची रास जवळ जवळ येत गेली.

"ब्रेक! अगं ब्रेक!" आई ओरडली.

"दाबलाय!" जिज्ञासा ओरडली, आणि टायरांत घुसली.

लागलं काही नाही. गाडी आडवी, ती टायरांच्या मधोमध बसलेली, सोनूच्या पांढऱ्या बुटांचा चॉकलेटी रंग झालेला. कल्पेश जवळ आला आणि त्याने तिचा डावा हात वर उचलून तिलाच दाखवला. बोटं अजून आवळलेली होती.

"गेममध्ये ब्रेक कुठे असतो?"

तिला ते तोंडाने नव्हे, बोटांनी आठवावं लागलं. रिमोटच्या उजव्या बोटाला गॅस. डाव्या बोटाला...

"डावीकडे," ती म्हणाली.

"माझा पण डावीकडेच असतो की," आई धापा टाकत म्हणाली. "स्कूटीवर डावाच दाबते मी. मी असते तर मी पण टायरांतच गेले असते."

जिज्ञासाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लहानपणापासून ती आईच्या मागे बसून तिची डावी बोटंच बघत आली होती. सिग्नल आला, बोटं मिटली. गाय आली, बोटं मिटली. मग गेमनेही तेच शिकवलं.

"तुझ्या तोंडाला क्लच माहितेय," कल्पेश म्हणाला. "हाताला माहीत नाही. बाकी सगळं छान आहे, खोटं नाही सांगत. पण जी पोर थांबणार नाही हे मला माहितेय, तिला मी ट्रॅकवर सोडणार नाही. पुढच्या रविवारी अजून एकदा बघतो. हात परत डावीकडे गेला, तर पुढच्या वर्षी ये."

परतताना ती आईच्या मागे बसली आणि आईची बोटं दिसू नयेत म्हणून पहिल्यांदाच तिने डोळे मिटून घेतले.

घरी चुलतभाऊ हितेश गेम लावून वाट बघत बसला होता. तो कॉलेजात होता, गेम त्याचा होता, आणि रोज जिज्ञासाकडून हरणंही त्याचंच होतं. तिने रिमोट घेतला, पण रेस सुरू न करता सेटिंग उघडलं. ब्रेक उचलून उजव्या बोटाला दिला. गॅस उजव्या अंगठ्याखालच्या दांडीवर. डाव्या बोटाला फक्त क्लच.

"वेडी आहेस का?" हितेश म्हणाला. "असं कोण खेळतं?"

"खरी बाईक असं खेळते."

पहिल्या वळणावर ती भिंतीत गेली. दुसऱ्या रेसमध्ये गवतात. हितेशने आयुष्यात पहिल्यांदा तिला हरवलं आणि गॅलरीत जाऊन अख्ख्या बिल्डिंगला ओरडून सांगितलं. पुढचे दिवस असेच गेले. अंगठा दुखून यायचा, मेंदू म्हणायचा उजवं, आणि डावं बोट त्याच्या आधीच पुढे धावायचं. हळूहळू ते दहातून आठ वेळा धावायला लागलं, मग पाच, मग कधीतरीच. पण वेग? वेगाचं नाव काढायला नको. जी वळणं ती झोपेत घ्यायची, तिथे आता ती पाण्याच्या टँकरसारखी वळायची.

आणि शनिवारी धर्मेशभाईकडे टुर्नामेंट होती.

तिचं नाव किर्तीने कधीच देऊन ठेवलं होतं. भिंतीवरच्या कागदावर जिज्ञासासमोर कुणीतरी मुकुट काढला होता. काउंटरवर चकचकीत कप होता, आणि वर्गातली निम्मी पोरं तो कप ती कसा उचलते ते बघायला आली होती.

"एका दिवसापुरतं जुनं सेटिंग कर," किर्ती तिच्या कानात म्हणाली. "कप घे, घरी जा, परत नवीन कर. कोणाला कळणारे?"

"हाताला कळेल."

"हाताला काय कळतंय, जिज्ञू! हात आहे तो!"

जिज्ञासाने कपाकडे बघितलं. खरं सांगायचं तर कप फार सुंदर होता. जुन्या सेटिंगवर तो तिच्याच नावाचा होता, याबद्दल खोलीत कुणालाच शंका नव्हती, तिलाही नव्हती. डावं बोट रिमोटवर आपोआप जुन्या जागी जाऊन बसलं आणि त्याला तिथे इतकं बरं वाटलं की तिला त्याचा रागच आला. उद्या मैदानावर हेच बोट तिला टायरांत घालणार होतं.

तिने सेटिंग उघडलं आणि नवीन केलं.

पहिल्याच फेरीत ती बाहेर गेली. तिला हरवणारा मुलगा जिंकूनसुद्धा घाबरला होता. "दीदी, मुद्दाम सोडलं का?" त्याने विचारलं. धर्मेशभाईने कपाळाला हात लावला, "अरे साईं, इसका तो कप पक्का था!" बाहेर आल्यावर सोनू एवढंच बोलली, "माझे बूट धुऊन दे."

जिज्ञासाला रडू आलं असतं. पण हरताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. संपूर्ण रेसमध्ये डावं बोट एकदाही ब्रेक शोधत गेलं नव्हतं.

रविवारी आईला आत्याकडे हळदीच्या तयारीला जायचं होतं, म्हणून पप्पा आले. बाईक कुंपणाला लावून ते तिच्यावरच हाताची घडी घालून बसले. चेहरा असा, की चला, आज हे खूळ संपणार.

कल्पेशने तिला एक फेरी मारू दिली. दुसरीही. शिट्टी नाही. जिज्ञासाचे कान शिट्टीकडे लागलेले, उजवी दोन बोटं लिव्हरवर तयार. तिसऱ्या फेरीला कल्पेशने शिट्टी ओठांना लावलीच होती, तेवढ्यात शेजारच्या चाळीतलं एक तांबडं कुत्रं कुंपणाखालून आत घुसलं आणि वळणाच्या तोंडाशी येऊन मजेत मान खाजवत बसलं.

विचार करायला वेळच नव्हता. उजवा हात, उजवा पाय. मागचं चाक जरासं घसरलं, गाडी एक गचका खाऊन उभी राहिली आणि धप्पकन बंद पडली. कुत्र्याने पुढच्या चाकाचा वास घेतला आणि निघून गेलं.

जिज्ञासाने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. तो हँडलवर शहाण्यासारखा बसला होता. इतका शहाण्यासारखा, की क्लच दाबायचाही विसरला होता.

"बंद पडली," ती चाचरत म्हणाली.

"पण थांबली," कल्पेश म्हणाला. "क्लच मी शिकवेन. थांबणं तू शिकून आलीस. पुढच्या रविवारपासून बॅचला ये. आणि स्वतःचे बूट आण."

पप्पा बाईकवरून कधी उतरले होते आणि कुंपण धरून कधी उभे राहिले होते, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी आईला सगळं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना कुत्रं जवळजवळ वासराएवढं झालं होतं. "असा दाबला ब्रेक!" म्हणत त्यांनी वालाच्या भाजीचा डाव आवळून दाखवला. मग एकदम उदार होऊन म्हणाले, "त्या स्कूटरवाल्याला उद्याच फोन करतो. दहावीची वाट कशाला बघायची? निळी ना गो?"

आईच्या फोनवर निळी स्कूटर चमकत होती. जिज्ञासाने तिच्याकडे बघितलं, काउंटरवरच्या कपाकडे बघितलं होतं तसंच. मग हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आई, पप्पा, मी ठरवलंय. मला स्कूटर नको."

"वर्षभर जीव खाल्लास आमचा!" आई म्हणाली.

"खाल्ला. पण तिचे दोन्ही ब्रेक हँडलवर असतात, एक डाव्या हाताला, मी बघून आले. माझा डावा हात आत्ता कुठे गप्प बसायला शिकलाय, त्याला परत नादाला नाही लावायचं. क्लासला मी चालत जाणार. दर रविवारी मैदानावर जाणार. आणि अठरा पूर्ण झाली की लायसन्स काढून पहिली गाडी गिअरचीच चालवणार. आणि आई, तोपर्यंत तुझ्या स्कूटीवर मी मागे बसेन, पण तुझ्याकडे पाठ करून!"