गाडीतला दिवा

माझे यजमान, निवृत्ती, गाडीत गेले. चालवताना नाही. गाडी उभी होती, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या आवारात, मागच्या भिंतीकडे पाठ करून. सकाळी गाडीतली पाण्याची टाकी धुवायला म्हणून खाली गेले होते. चहा निवायला लागला तशी मी बोलवायला गेले, तर पुढच्या खुर्चीत बसलेले, हातात ओलं फडकं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी ‘बरं’ म्हटलं. आज भेंडी नाही असं भाजीवाला म्हणाला की म्हणते, तसं.

त्यानंतर जे झालं त्यात मी होते, पण कुणीतरी दंडाला धरून मला एकीकडून दुसरीकडे नेत होतं. रडू येईना. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. एकीला तर मी उठून पाणी आणून दिलं. ती ओशाळली.

आम्हाला मूलबाळ नाही. अग्नी महेशने दिला, माझ्या नणंदेच्या मुलाने. नणंद बयाबाई, नामपूरच्या. आई लवकर गेली म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच कडेवर वाढवलेलं. मी त्यांना आक्का म्हणते. त्या आल्या त्या रडल्या नाहीत, आधी विचारलं, जीव नेमका कुठे गेला? माणसाचा जीव जातो त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात, खाली पीठ पसरतात, आणि तो विझू द्यायचा नसतो. विझला तर गेलेल्याला पुढची वाट दिसत नाही, असं मानतात. कुणीतरी म्हणालं, गाडीत. मग दिवाही गाडीत, असं म्हणून आक्का तेलाची बाटली आणि पिठाची परात घेऊन लिफ्टकडे निघाल्या. लोकांनी समजावलं, वहिनी घरात आहेत, दिवा घरात लावा. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

“धाकला व्हता तवय अंधारामा येकला सोडा नही त्याले,” त्या मला लिफ्टमध्ये म्हणाल्या. “आते बी सोडाव नही.”

त्यामुळे मीही गाडीत बसायला लागले. घरात बसले काय आणि गाडीत बसले काय, मला सारखंच होतं.

या गाडीबद्दल सांगायला हवं. टेंपो ट्रॅव्हलर, आतून घर करून घेतलेली. दोन बाक, त्यांचा रात्री पलंग, एक ओटा, एवढासा संडास. निवृत्ती निवृत्त झाले (या विनोदाला त्यांच्या ऑफिसात वर्षभर कुणी सोडलं नाही) आणि त्यांनी फंडाचे पैसे काढून ती घेतली. पहिली मोठी सहल हंपीची ठरली होती. मी नको म्हणत होते. साठीला टेकलेल्या माणसांनी पेट्रोल पंपाशेजारी झोपायचं, ही कुठली हौस? पण ते एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की देवही सोडवू शकत नसे.

सगळ्यात जास्त मागे लागले ते जनरेटरच्या. माणसं मुलीसाठी स्थळं बघत नाहीत इतके जनरेटर त्यांनी पाहिले. हा फार आवाज करतो, तो एसी सुरू होताना दम टाकतो. एसी चालू होतो त्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतो, म्हणून जनरेटर तेवढ्यापुरता दांडगा हवा, हे मला जेवताना दोनदा ऐकावं लागलं. शेवटी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारा घेतला. आडरानात गॅस संपला तर पेट्रोल आहे, आणि पेट्रोल महिनोन्महिने साठवलं की खराब होतं, गॅस होत नाही. गॅसवर ताकद थोडी कमी पडते, ते चालेल म्हणाले. घरचा लाल सिलिंडर जोडायचा नाही, हेही त्यांनी चौकशी करून ठरवलं. दुकानात मिळतो तो छोटा वेगळा आणला आणि तो कायम उभाच ठेवायचा, आडवा नाही, असं मला बजावलं. मी त्याला हातही लावणार नव्हते.

आणि मग त्यांचे नियम. जनरेटर गाडीपासून लांब, केबल पुरेल तितका लांब, मोकळ्यावर. वारा गाडीकडून त्याच्याकडे वाहत असला पाहिजे. भिंतीच्या कोपऱ्यात नाही, गाडीखाली नाही. पेट्रोल भरायचं तर बंद करून गार झाल्यावर. आत दाराजवळ त्यांनी एक पांढरी डबी बसवली होती, विषारी हवा आत आली की ती किंचाळते. त्या हवेचं नाव कार्बन मोनॉक्साइड. तिला रंग नाही, वास नाही.

तिच्यासाठी ते माझ्याकडून कवायत करून घ्यायचे, म्हणजे अक्षरशः. सप्तशृंगीला गेलो होतो तेव्हा आणि नांदगावला माझ्या भावाकडे गेलो होतो तेव्हाही. डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, लता, डोकं दुखतंय, आता काय करशील? मी म्हणायचे, बाम लावीन. मग ते शांतपणे परत सांगायचे की आधी दार उघडायचं, मग बाहेर जायचं, आणि डोकं का दुखलं याचा विचार बाहेर जाऊन करायचा. मग मी मिटल्या डोळ्यांनी बाकावरून उठून कडी चाचपडायची. माझ्या भावाने हे पाहिलं आणि तो पोट धरून हसला. मला इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी यांच्याशी बोलले नाही.

दिव्याचे पहिले काही दिवस बरे गेले. आक्का बाकावर मांडी घालून बसायच्या, मी समोर. मध्ये खाली पणती, तिच्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा. खिडक्या बोटभर उघड्या. आक्का न थांबता बोलायच्या, निवृत्ती लहानपणी कसे कांद्याच्या ढिगावरून घसरायचे, शाळेत जायला कसे रडायचे. मी ऐकायचे. कुण्या दुसऱ्याच माणसाचं चाललंय असं वाटायचं. त्या जेवायला वर गेल्या की मी वात पुढे सारायची, तेल घालायचं. हे काम मला जमत होतं. हाताला काम होतं आणि डोक्याला नव्हतं.

मग एका दुपारी वावटळ उठली. आवारातली धूळ गाडीत शिरली, ज्योत आडवी झाली, निळी पडली, जेमतेम सावरली. आक्कांनी झेप घालून पणतीवर ओंजळ धरली. बोटं भाजली. तेव्हापासून त्यांनी एकही फट ठेवली नाही. सगळ्या खिडक्या लावल्या, छतावरच्या झडपेत माझं जुनं लुगडं कोंबलं, जमिनीजवळच्या जाळीत पोतं.

मे महिना. पत्र्याची गाडी बंद केल्यावर काय होणार? आक्कांचा जीव घाबरायला लागला, तरी त्या हलेनात. महेश काळजीचा मुलगा आहे, त्याला काही दोष देता येत नाही. त्याने एसी लावून बघितला, त्याचा झोत वर छताकडे वळवून, म्हणजे ज्योतीला वारा लागणार नाही. पण पार्किंगमधल्या सॉकेटला तो झेपेना, बटण पडायचं. मग त्याने मामाचा जनरेटर बाहेर काढला. समोर ठेवला तर सोसायटीचे लोक आवाजाने ओरडतील, शिवाय कुणी उचलून नेईल, म्हणून गाडीच्या मागे, गाडी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात ठेवला. केबल आत घ्यायला मागची खिडकी तेवढी चार बोटं उघडली. बाकी सगळं बंद आणि तेवढीच एक फट, जनरेटरच्या डोक्यावर.

मला त्याने येऊन सांगितलं, “मामी, काळजी करू नका, गॅसवर लावलाय. पेट्रोलचा धूर होतो. गॅसचं काय, आपण घरात रोज जाळतो.”

मी बरं म्हटलं.

गाडी गार झाली. आक्कांना हुशारी आली, त्या पुन्हा बोलायला लागल्या. आणि थोड्या वेळाने ती पांढरी डबी किंचाळायला लागली. कान किटले. महेश धावत आला, त्याने वर बघितलं, खाली बघितलं, पणतीची काजळी वर चढत होती. दिव्याच्या धुराने वाजतंय, तो म्हणाला. त्यालाही शंका आली असावी, कारण तो दारात घुटमळला, हवा ठीक आहे ना विचारलं. तेव्हा आक्कांनी त्याला वेड्यात काढलं.

“आपली हिर उपसतस तवय काय करतस? आधी कंदील सोडतस. इझना ते उतरानं नही. आठे दिवा पेटेल शे ना? मंग हवा चांगली शे.”

नामपूरकडे विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी दोरीने कंदील खाली सोडतात. तो विझला तर खाली हवा वाईट, कुणी उतरायचं नाही. महेशने स्वतः कितीदा सोडला असेल. त्याला पटलं. कुणालाही पटलं असतं. त्याने डबीतले सेल काढले आणि डबी ओट्यावर ठेवली. सुतकात असला कर्कश आवाज बरा नाही, असंही आक्का म्हणाल्या. मी हे सगळं पाहत होते, आणि मला काहीही वाटलं नाही.

डोकं जड झालं. ते तर मला रोजच जड होतं. मी आंघोळीला वर गेले, डोक्यावरून पाणी घेतलं, बरं वाटलं. दोन घास खाल्ले. खाली येऊन बसले तर पुन्हा कपाळात ठोके पडायला लागले, मळमळायला लागलं. म्हटलं, असंच असणार. ज्या जागी ते गेले त्या जागी बसल्यावर त्रास होणारच. खरं सांगायचं तर मला जरा बरंसुद्धा वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं. आलं एकदाचं, म्हटलं, आता रडू येईल.

रडू आलं नाही, झोप आली. मी आक्कांकडे पाहिलं. त्या गप्प होत्या. आक्का दिव्यापाशी गप्प बसल्या आहेत, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मान छातीवर, तोंड अर्धवट उघडं, गाल चांगले लाल. मी हाक मारली. त्यांनी ‘हं’ केलं पण डोळे उघडले नाहीत. तेलाची बाटली त्यांच्या हातातून कलंडून लुगड्यावर सांडत होती. खाली दिवा मात्र सरळ, शांत जळत होता, मुळीच न हलता.

मला त्या वेळी विहीर, गॅस, डबी, काही सुचलं नाही. डोकं चालत नव्हतं. फक्त एवढंच आलं की डोकं दुखतंय आणि आता काय करशील. हात उठला. डोळे मिटले होते की उघडे, मला आठवत नाही. बाकाची कड, ओट्याचा कोपरा, दोन पावलं, कडी. कडीला हात लागला तेव्हा मला दिव्याची आठवण झाली. दार उघडलं की हा जाणार. इतके दिवस आक्का याच्यासाठी झोपल्या नाहीत, बोटं भाजून घेतली. मी थांबले. नक्की थांबले, किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग दार उघडलं. वारा आत आला आणि दिवा विझला.

आक्कांना काखेत धरून मी ओढलं. त्या माझ्याहून जड. पायरीवरून आम्ही दोघी खाली पडलो, माझं कोपर फुटलं. महेश जिन्यातून पळत आला. मी त्याला ‘बंद कर’ एवढंच म्हणू शकले, आणि तिथेच भडाभडा ओकले.

हॉस्पिटलात आम्हाला दोघींना नाकातोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. तिथल्या डॉक्टर मुलीने महेशला समजावलं की गॅसवर चालला तरी इंजिन ही हवा सोडतंच. घरची शेगडी वेगळी, हे इंजिन. आणि दिवा जळत राहतो, कारण त्याला लागणारी हवा संपलेली नसते. माणूस त्याच्या आधी संपतो. थोडा आणखी वेळ गेला असता तर मोठ्या बाई राहिल्या नसत्या, ती म्हणाली. महेश भिंतीला टेकून उभा होता. विहिरीत आम्ही नेहमी असंच करतो, असं तो तिला परत परत सांगत होता.

माझा मास्क आधी काढला. मी आक्कांच्या कॉटशी जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मास्क बाजूला करून पहिला शब्द काढला तो “दिवा?”

जळतोय म्हणावं, महेश मला मागून खुणावत होता. घरी जाऊन आपण दुसरा लावू, त्यांना काय कळणार. मला खोटं बोलायचासुद्धा कंटाळा आला होता.

“विझला, आक्का. मी दार उघडलं.”

मला वाटलं, आता या मला कधी माफ करणार नाहीत, आणि तेही मी बरं म्हणून घेईन.

“कोनी सांगं तुले दार उघाडाले?” कोणी सांगितलं, हे त्यांनी रागाने विचारलं नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“तुमच्या भावाने,” मी म्हटलं. “डोकं दुखलं की आधी दार उघड म्हणाले.”

आक्कांनी मास्क पुन्हा नाकावर ओढला. दोन-तीन श्वास घेतले, परत खाली केला.

“मंग त्याले वाट सापडनी,” त्या म्हणाल्या. “आते ऱ्हाऊ दे दिवा.”

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझं मनगट धरून ठेवलं, भाजलेल्या बोटांनी. माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला, मलाच ओळखू आला नाही. पलीकडून नर्स धावत आली. दम लागतोय का, मास्क परत लावू का, तिने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. मला रडू येत होतं, बाकी काही झालं नव्हतं.