सात तारखेची वाट

ताई धाकट्या बहिणीच्या घरात शिरली की आधी पाणी मागायची, आणि धाकटी पाणी आणायला आत गेली की टेबलावरचं सगळं नजरेने चाचपून घ्यायची. ही खोड लहानपणापासूनची. तेव्हा धाकटीच्या चित्रांवर डोळा असायचा, आता टेबलावर असतो, एवढाच काय तो फरक. शिवाय आता हातात फोन आला होता, त्यामुळे लक्षात ठेवायचेही कष्ट उरले नव्हते.

धाकटी पुठ्ठा, लाकूड, कापडाचे तुकडे, जे हाती लागेल त्यातून वस्तू करायची. ताई ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी बायकांना त्याच वस्तू शिकवायची. ठरलं होतं ते असं की वर्ग दोघींचा. एकीने करायचं, दुसरीने शिकवायचं, कारण चार माणसं समोर आली की धाकटीची बोबडी वळायची आणि ताईला तर चार माणसं दिसल्याशिवाय चैनच पडायचं नाही. पण दाराबाहेर पाटी लागली ती एकट्या ताईच्या नावाची. धाकटी मूग गिळून बसली.

मग ग्रंथालयाचा वार्षिक कार्यक्रम झाला. ताईला शाल मिळाली, फुलं मिळाली. कुणीतरी विचारलं, "ती घडी घालून ठेवायची पेटी तुम्हाला सुचली तरी कशी?" ताईने मान तिरकी केली आणि म्हणाली, "काय सांगू, बसल्या बसल्या सुचलं!" ती पेटी जमेपर्यंत धाकटीने पुठ्ठ्यांचा ढीग वाया घालवला होता. बोटांना कटरचे वण होते. आणि वर ताईने हात करून तिला दाखवलं. "ही माझी धाकटी बहीण. मला कापाकापीला मदत करते हो!"

कापाकापी! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना तिने कधी नव्हे ते तोंड उघडलं. "ताई, एकदा तरी चारचौघींत माझं नाव घे."

"अगं वेडे, आपल्यात कसलं तुझं-माझं?" ताई हसली आणि तिच्या गालाला हात लावून रिक्षात बसली.

त्या दिवसापासून धाकटीला दुसरं काही सुचेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, एकच विचार. ताईला तोंडघशी पाडायचं, आणि पाडायचं ते तिच्याच वर्गात.

पुढे तिने कॅलेंडर करायला घेतलं. दरवर्षी फेकून द्यावं लागणारं नव्हे, जन्मभर पुरणारं. एका लाकडी खोक्यात दोन ठोकळे शेजारी शेजारी बसतात आणि त्यांवरचे आकडे फिरवून रोज तारीख लावायची. खाली चौकोनी दांड्या, त्यांच्या अंगावर महिन्यांची नावं. पॉलिश पेपरने कडा घासल्या, ठोकळ्यांना पांढऱ्या रंगाचा हात दिला, आकड्यांसाठी जुन्या फाइलचं प्लास्टिक कापून साचे केले.

खरी डोकेदुखी होती ती ठोकळ्यांची. दोन्ही ठोकळ्यांवर शून्य हवं, नाहीतर महिन्याच्या सुरुवातीच्या सगळ्या तारखा लागत नाहीत. अकरा आणि बावीस तारखेसाठी एक आणि दोनही दोन्हीकडे हवेत. मग उरलेल्या आकड्यांना जागाच पुरत नाही. एक आकडा जास्तच होतो. धाकटी त्यावर कितीतरी दिवस अडून होती. एका दुपारी ठोकळा हातातून निसटला, उलटा पडला, आणि तिने पाहिलं तर सहाचा नऊ झालेला! इंग्रजी आकड्यांची ही गंमत. सहा आणि नऊला मिळून एकच बाजू पुरते. ती एकटीच मोठ्याने हसली.

आणि हसता हसताच तिला दुसरी गोष्ट सुचली.

तिने पूर्ण झालेलं कॅलेंडर कपाटात कुलपाखाली ठेवलं आणि नवे ठोकळे घेतले. एकावर एकापासून सहापर्यंत आकडे रंगवले. दुसऱ्यावर शून्य, एक, दोन, सात, आठ, नऊ. बघणाऱ्याला वाटावं, वा, काय नीटनेटकं! सगळे आकडे आले, एक आणि दोन दोनदा आले, एकही बाजू रिकामी नाही. शून्य मात्र एकच, आणि तेही सात-आठच्याच ठोकळ्यावर. सहा तारखेपर्यंत सगळं सुरळीत. सातला शून्य आणि सात शेजारी येणारच कसे? दोघं एकाच ठोकळ्यावर. धाकटीने ते कॅलेंडर टेबलाच्या मधोमध मांडलं आणि ताईला चहाला बोलावलं.

ताई आली. पाणी मागितलं. धाकटी आत गेली आणि भांड्यात पाणी ओतताना मुद्दाम वेळ लावला. बाहेर फोनच्या कॅमेऱ्याचा बारीक आवाज झाला, एकदा, मग पुन्हा. तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"हे काय गं?" ताईने बेफिकीर सुरात विचारलं.

"काही नाही, चाळा आपला."

ताईच्या वर्गात कॅलेंडरं सुरू झाली. ताईने कुठलीच वस्तू शेवटापर्यंत स्वतः वापरून पाहिलेली नसायची. सगळे आकडे आहेत ना, हे तिने पाहिलं, त्या दिवशीची तारीख लावली, लागली, झालं समाधान. बायकांनी महिना संपता संपता वॉर्निश मारून कॅलेंडरं घरी नेली. पुढची सात तारीख शनिवारीच येत होती. धाकटी त्या शनिवारची वाट अशी पाहत होती, जशी लहान मुलं सुट्टीची पाहतात.

त्या दिवशी तिने चांगली साडी काढली. पिशवीत खरं कॅलेंडर घेतलं. हॉलमध्ये पोचली तेव्हा गलका चालला होता. लांब टेबलावर ओळीने कॅलेंडरं मांडलेली, आणि बहुतेकांवर सहा तारीख.

"सात लागतच नाही हो!" एक शिवणकाम करणाऱ्या काकू ठोकळा फिरवून फिरवून वैतागल्या होत्या. "मी तर एक ठोकळा काढूनच ठेवला. आता एकच दात असल्यासारखं दिसतंय ते."

निवृत्त नर्सबाई मात्र हसत नव्हत्या. "आमच्या ह्यांना हल्ली वार-तारीख आठवत नाही. म्हणून तर इतक्या हौसेने केलं. सकाळपासून धरून बसलेत, आज सहाच आहे म्हणून. दवाखान्यात न्यायचं होतं सातला, तर कपडे बदलायलाच तयार नाहीत. ठोकळ्याकडे बोट दाखवतात. शेवटी मीच रडले."

धाकटीची नजर नर्सबाईंच्या कॅलेंडरकडे गेली. तिने ती वळवली. तिला ताईचं तोंड बघायचं होतं. ताईचा चेहरा खरोखर पांढराफटक पडला होता. ती ठोकळे उचलत होती, ठेवत होती, आणि पहिल्यांदाच तिला बोलायला काही सापडत नव्हतं. किती गोड दृश्य होतं ते! आता पिशवी उघडायची, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात ताईची नजर तिच्यावर गेली. एका क्षणात ताई सावरली. तरातरा येऊन तिने धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"खरं सांगू का तुम्हाला? हे माझं नाहीच मुळी. हे सगळं हिचं. डोकं हिचं, हात हिचे. मी फक्त शिकवलं."

सगळ्या जणी धाकटीकडे बघायला लागल्या. आणि मग काकू मायेने म्हणाल्या, "असू दे गं. आकडेमोड सगळ्यांनाच जमते असं नाही."

"होतं असं," आणखी कुणीतरी म्हणालं. "बिचारी."

बिचारी! इतकी वर्षं जे नाव हवं होतं ते मिळालं, आणि त्याला ही शेपटी. ताईचा हात अजून खांद्यावर होता, ऊबदार, थोपटत. धाकटीने तो झटकला. पिशवीतून आपलं कॅलेंडर काढलं, दाणकन टेबलावर ठेवलं आणि सात तारीख लावली. मग आठ. मग सहाचा ठोकळा उलटा करून नऊ.

"हे माझं," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण बोबडी वळली नाही. "मला आकडेमोड येते. ते दुसरं मी मुद्दाम चुकीचं केलं. ही उचलणार हे मला ठाऊक होतं म्हणून केलं. माझ्या हातून चूक झालेली नाही."

ताईने ओठ चावला आणि हळू आवाजात म्हणाली, "नाव हवं होतं तर मागायचंस."

"मागितलं होतं."

"मी घेतलं असतं गं कधीतरी."

"आज घेतलंस की."

ताईने मान खाली घातली. धाकटीला वाटलं होतं, ह्या क्षणी छाती भरून येईल. थोडी आलीही. वाईट म्हणोत, आतल्या गाठीची म्हणोत, बिचारी तर कुणी म्हणणार नव्हतं. तिने टेबलावरचा कटर उघडला आणि नर्सबाईंचं कॅलेंडर जवळ ओढलं. "द्या इकडे. पहिल्या ठोकळ्यावरचा सहा खरवडून तिथे शून्य काढायचं, एवढंच आहे. नऊ उलटा केला की सहा होतो. आत्ता देते करून."

नर्सबाईंनी ठोकळ्यावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातचं नको मला."

त्यांनी कॅलेंडर उचललं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ताईसमोर ठेवलं. मागोमाग काकूंनी आपलं नेलं. मग बाकीच्याही एकेक करून उठल्या. धाकटीसमोरचं टेबल रिकामं झालं, मधोमध तिचं एकटीचं कॅलेंडर उरलं.

ताईने ब्रश घेतला. धाकटीच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं, आपल्या हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं, पुन्हा धाकटीच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि बघून बघून शून्य काढायला लागली.