तिसरी चिठ्ठी

मित्रांनो, ज्या वर्षी सुताराच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी मी जन्माला आले. तिच्यासाठी केलेल्या कपाटातून उरलेल्या फळ्या फुकट जाऊ नयेत म्हणून त्याने मला ठोकले आणि कोशकचेरीत पोचवले. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझी कडी तुटली आहे आणि तळाला वाळवी लागली आहे. पण एके काळी माझ्या पोटात अकरा हजार चिठ्ठ्या होत्या.

त्या कचेरीत जुन्या इंग्रजी पुस्तकांतल्या दुर्मिळ शब्दांचा कोश तयार होत होता. वाचणाऱ्याने पुस्तक वाचायचे, अनोळखी शब्द दिसला की एका चिठ्ठीवर तो शब्द, त्याचे वाक्य, पुस्तकाचे नाव आणि पान लिहायचे, खाली सही करायची, आणि चिठ्ठी आपल्या टेबलावरच्या पेटीत टाकायची. नियम दोनच होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. आणि तीन वेगळ्या पुस्तकांत सापडल्याशिवाय शब्द कोशात जायचा नाही.

मी ज्यांच्या टेबलावर होते त्यांना सगळे भिंगकाका म्हणत, कारण त्यांच्या हातातले भिंग जेवतानाच काय ते खाली राही. ते लिहिता लिहिता मोठ्याने वाचत. मी पडले लाकूड. मला अक्षरे फार उशिरा आली, ती त्यांच्याच तोंडून.

एक शब्द त्यांच्या जिवाला लागला होता. फॉर्स्वंक. राबून राबून पार गळून गेलेला, असा त्याचा अर्थ. एका गाण्यांच्या पुस्तकात तो त्यांना धड सापडला. दुसऱ्या पुस्तकात तो ओळीच्या शेवटी मोडून दोन तुकड्यांत पडला होता, आणि त्यातले एक अक्षर छापताना उडाले होते. तिसरे पुस्तक काही मिळेना. बावीस वर्षे मिळाले नाही.

"काका, मेलेल्याची नाडी किती दिवस बघणार?" संपादक चेष्टा करत.

"मेला असेल. पण कुठे कुठे जगला ते कोणीतरी लिहून ठेवायला नको?" काका म्हणत.

मग काकांचे डोळे गेले. आधी पानाच्या कडा गेल्या, नंतर मधले सगळे. त्यांची मुलगी त्यांच्या शेजारी बसू लागली. ती वाचायची, ते ऐकायचे. लहानपणी त्यांनीच तिचे अक्षर घडवले होते, त्यामुळे तिची चिठ्ठी आणि त्यांची चिठ्ठी मलासुद्धा वेगळी ओळखू येत नसे. खाली सही मात्र त्यांची. ती ते चाचपडत स्वतः करत. अशी तीन वर्षे गेली.

एक दिवस संपादकांनी सांगितले, की फॉर्स्वंक ज्या अक्षराखाली येतो त्या अक्षराची पाने महिनाअखेर छापायला जाणार. त्या दिवसापासून काकांचे जेवणावरून मन उडाले. मुलीने मिळतील ती पुस्तके आणली, डोळे सुजेपर्यंत वाचली. हाती काही लागले नाही.

शेवटच्या आठवड्यात, काका खुर्चीत डुलकी घेत असताना, तिने एक कोरी चिठ्ठी काढली. थोडा वेळ ती बापाकडे बघत राहिली. मग तिने लिहिले: फॉर्स्वंक माणूस खिडकीशी बसतो आणि स्वतःचा हात शोधतो. खाली प्रवचनांच्या एका जुन्या पुस्तकाचे नाव टाकले आणि पान लिहिले तीनशे चाळीस.

"बाबा, उठा. सापडला."

काकांनी वाक्य दोनदा वाचून घेतले. "तू स्वतः पाहिलंस?"

"हो, बाबा."

"पान नीट बघितलंस?"

"बघितलं हो. करा आता सही."

त्यांनी सही केली. तीन वर्षांनी मी त्यांना हसताना ऐकले. चिठ्ठी माझ्यात पडली. मला बोलता आले असते तर, मित्रांनो, मी तेव्हाच बोलले असते.

कोश छापला गेला. तिन्ही वाक्यांत हेच सरस, असे संपादक चारचौघांत म्हणाले. पुढच्या वर्षी लांबच्या एका वाचकाचे पत्र आले. त्या प्रवचनांच्या पुस्तकाला तीनशे बाराच पाने आहेत.

संपादक पत्र घेऊन टेबलाशी आले आणि त्यांनी ते काकांना वाचून दाखवले. मुलगी खाली मान घालून उभी राहिली. काकांना दिसत नव्हते, पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"वाक्य चांगलं होतं गं," ते तिला हळूच म्हणाले. मग संपादकांकडे तोंड करून म्हणाले, "सही माझी आहे. चूक माझी."

"काका, एका चिठ्ठीचं असतं तर मी गिळलं असतं. पण यातल्या तिच्या कुठल्या नि तुमच्या कुठल्या, सांगता येईल?"

काकांनी माझ्यात हात घातला. चिठ्ठ्यांवरून बोटे फिरवली. बराच वेळ फिरवली.

"नाही," ते म्हणाले.

अकरा हजार चिठ्ठ्या पुन्हा पडताळायला कचेरीत माणसे नव्हती. त्यांच्या सहीची प्रत्येक चिठ्ठी बाद झाली. दोन दिवस मला उपसत होते. पुढच्या आवृत्तीत फॉर्स्वंक नव्हता, आणि काकांनी शोधलेले दुसरेही चारशेएक शब्द नव्हते. मला जिन्याखाली ठेवले. कोणी माझ्यात खिळे ठेवले, कोणी फडकी.

मित्रांनो, त्या मुलीला वाईट म्हणू नका. तिने मायेपोटी केले. पण जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहू नका, आपल्या माणसाला हसवण्यासाठीसुद्धा नाही. त्याचे उरलेले खरे त्या एका खोट्याबरोबर जाते. आणि घरात कोणाच्या हातचे जुने लिखाण असेल तर ते जपा. ते ज्याचे आहे त्याचे नाव तो जिवंत असतानाच त्यावर घाला.

भिंगकाका त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी वारले. त्यांची मुलगी नऊ वर्षांनी गेली. मधल्या काळात तिने एकही पुस्तक उघडले नाही.